अण्णांच्या खोलीतला वाफा

१

माझ्या कामाला अजून धड नाव नाही. कुणी विचारलं तर बायको सांगते, "ते हवेचं काम करतात," आणि समोरच्याला वाटतं मी एसी दुरुस्त करतो. प्रत्यक्षात मी भिंतीवर शेवाळ वाढवतो. एक उभी चौकट, तिच्यात दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, नमद्यावर शेवाळ, वरून ठिबकणारं पाणी आणि मागच्या खोक्यात एक छोटा पंखा. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती शेवाळातून आणि नमद्यातून गाळून परत खोलीत सोडतो. आम्ही याला वाफा म्हणतो. बागेतला आडवा असतो, आमचा उभा, एवढाच फरक.

लोक हिरव्या रंगावर भुलतात, पण खरं काम नमद्यात राहणारे जंतू करतात. शेवाळ हे त्यांचं घर. आणि हे जंतू खातात काय, तर ज्याची सवय लावली ते. म्हणून वाफा बसवण्याआधी त्याला वळण लावावं लागतं. रंगाच्या कारखान्यात बसवायचा असेल तर थिनरने भिजलेली चिंधी त्याच्या खोक्यात ठेवायची. छापखान्यासाठी शाईची. काही दिवस वाफा मलूल होऊन पडतो. मग एके सकाळी तरारून उठतो आणि त्यापुढे त्याला तेच हवं असतं.

"चिंधी नीट निवडा," असं मी कामावरच्या नव्या लोकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. "जे जायला हवं तेवढंच तिच्यात असू द्या. वाफ्याला चांगलं-वाईट कळत नाही. द्याल ते तो खातो." हे इतक्या वेळा बोललोय की आता बोलताना माझं मलाच ऐकू येत नाही.

२

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर आपल्या दुकानात लाकडी सामानाला पॉलिश करायचे. लाख आणि स्पिरिट, हातात कापसाचा बोळा, आणि तोच हात टेबलावरून असा फिरवायचे की बघत बसावं. माणूस भलता टापटिपीचा. चप्पलसुद्धा पुसून ठेवणारा. तरी पॉलिशचा वास त्यांच्या कातडीत मुरलेला होता, काम सोडल्यावरही गेला नाही.

बाथरूममध्ये पाय घसरून कंबरेचं हाड मोडलं आणि अण्णा मागच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर आले ते आलेच. मग औषधं, मलमं, भांडं, कधी भांड्यापर्यंत न पोचलेलं. आंघोळ घालायला एक मावशी येत. बायको दिवसातून कितीतरी वेळा फरशी पुसायची. तरी वास होता. घरात शिरलं की चपला काढायच्या आधी तो भेटायचा.

बायकोने कधी तोंड वाकडं केलं नाही. केलं ते मी. चादर बदलताना मी नाकाला हातरुमाल बांधायचो, आणि बांधायला बाहेर जायचो, अण्णांना दिसू नये म्हणून. त्यांना दिसत नसेल असं मी का धरून चाललो कुणास ठाऊक. पलंगावरच्या माणसाला दुसरं बघायला असतंच काय?

एकदा मेहुणा आणि त्याची बायको आले. मी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं. तरी मेहुण्याच्या बायकोने गप्पा मारता मारता उठून खिडकी उघडली, मग दुसरी उघडली, आणि चहा अर्धा ठेवून दोघं निघाले. मी कानकोंडा होऊन जिन्यापर्यंत त्यांच्यामागे गेलो. परत आलो तर अण्णा जागे होते.

"वास येतो का रे?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"माझा."

"छे हो अण्णा. काहीतरीच तुमचं."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. दाराबाहेर बायको उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं पिळायला निघून गेली.

३

दुसऱ्याच दिवशी घरासाठी कामावर एक कोरा वाफा बाजूला काढला. आता चिंधी हवी होती. मोरीतल्या बादलीत रात्रीची खराब चादर भिजवायची राहिली होती. तिचा एक तुकडा कापायचा आणि खोक्यात ठेवायचा, इतकं सोपं काम. मी बादलीवर वाकलो आणि मागे सरलो. माझ्याच बापाची चादर, आणि मला हात लाववेना. त्यातून तो तुकडा कामावर, सगळ्यांसमोर खोक्यात ठेवावा लागणार, कुणी विचारलं तर हे काय म्हणून सांगणार?

म्हणून मी अण्णांच्या उशीचा अभ्रा घेतला. कोरडा होता, हातात धरवत होता. त्यालाही वास येतोच की, मी स्वतःची समजूत घातली. औषधाचा होता, लाळेचा होता. डोक्याच्या तेलाचा होता, आणि त्याखाली जुन्या पॉलिशचा. आमच्या धंद्यातला अगदी कच्चा माणूससुद्धा ही चूक करणार नाही. मी केली, कारण मला शिसारी आली.

वळण लागल्यावर वाफा अण्णांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर टांगला. आठवडाभरात घरातला वास नाहीसा झाला. बायकोने दारात उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "तुमच्या त्या शेवाळाला मी इतके दिवस उगाच नावं ठेवली." खोलीला नवा पडदा लागला. मावशी म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरी पण एक टाका की." अण्णांचा चेहरासुद्धा मोकळा झाला होता. मला फार बरं वाटलं. लाज गेली की माणसाला किती हलकं वाटतं ते मी तेव्हा अनुभवलं.

४

शेवाळ उजेडाकडे कलतं. खिडकी उजवीकडे होती. वाफ्यावरचं शेवाळ मात्र सरळ पुढे येत होतं, केस विंचरावेत तसं, पलंगाच्या दिशेने. पंख्याच्या ओढीने होत असेल, मी म्हटलं. मग लक्षात आलं, पंखा हवा आत ओढतो. ओढीनेच झालं असतं तर शेवाळ मागे दबायला हवं होतं. मी पंखा तपासला, ठीक होता. मग मी तो विषय मनातून काढून टाकला.

आमच्या घरात एक म्हातारी मांजर आहे. अण्णांच्या पायाशी झोपणं हा तिचा हक्क होता. पायाला धक्का लागला तरी उठायची नाही, अण्णाच पाय आखडून घ्यायचे. ती आता पलंगावर चढेनाशी झाली. वाफ्याखाली फरशीवर बसून राहायची आणि मधूनच उठून चौकटीला पाठ घासायची. ओलाव्याला बसत असेल. उन्हाचे दिवस होते.

मग एकदा बायकोने चहा आणला, दोनच कप. एक तिचा, एक माझा.

"अण्णांचा?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. नाव ऐकलंय पण चेहरा आठवत नाही, असं. मग एकदम तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! विसरलेच की." हसत आत गेली, पण तिचं हसू नेहमीचं नव्हतं. या बाईला शेजाऱ्यांच्या मुलांचे वाढदिवस पाठ असतात.

मावशींचं तर वेगळंच. गरम पाण्याची बादली घेऊन खोलीत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. "आजोबांना दवाखान्यात नेलंय का?"

"आहेत की आत."

"कुठं आहेत? पलंग तर..." त्या पुन्हा गेल्या आणि आतून ओरडल्या, "अगं आई गं! आहेत, आहेत! माझे डोळे तपासायला झालेत बघा." आम्ही सगळे हसलो. अण्णा हसले नाहीत. भिजवायला काढून ठेवलेल्या कपड्यांसारखे ते गप्प पडून होते.

५

माझ्याकडे मात्र सगळ्याचं उत्तर होतं. मी शास्त्र शिकलेला माणूस. घरात एखाद्याचा वास असतो तोवर तो माणूस आहे याची नाक आठवण करून देत असतं. वास गेला, आठवण ढिली झाली. यात गूढ काही नाही. असं मी बायकोला समजावूनसुद्धा सांगितलं, आणि तिने "हो का?" असं म्हणून विषय बदलला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अण्णांची दाढी मी करतो. त्या दिवशीही वाटीत गरम पाणी घेतलं, ब्रश आणि वस्तरा घेतला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि मागच्या खोलीत गेलो. खोली लख्ख होती. पडद्यातून ऊन आलं होतं. वरचा पंखा फिरत होता. रिकाम्या खोलीत पंखा कशाला चालू ठेवतात, म्हणून चिडून मी तो बंद केला, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात आलो.

ओट्यापाशी उभा राहिलो. हातातल्या पाण्याची वाफ निघत होती. मी ती वाटी बघत होतो. दाढी माझी झालेली होती. मग हे कुणासाठी?

वाटी हातातून सुटली. मी धावत गेलो. अण्णा पलंगावर होते, जिथे असायला हवेत तिथेच, घामाने डबडबलेले.

"आलास," ते म्हणाले, "आणि पंखा बंद करून गेलास."

आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. लहान असताना ते दुकानातून आले की टेकायचो तसं. मानेपाशी नाक नेलं. घामाने ओला झालेला म्हातारा माणूस, आणि त्याला कसलाच वास नव्हता. घामाचासुद्धा नव्हता. धुतलेल्या काचेला असतो तेवढाही नव्हता.

मी घरभर हिंडलो. त्यांचा स्वेटर हुंगला, काठीची मूठ हुंगली, चष्म्याचं घर, रेडिओचं कातडी वेष्टण. बायको बघत होती. "काय शोधताय?" तिने विचारलं. कालपर्यंत मीच तो वास घालवायच्या मागे होतो.

६

शेवटी वाफ्यापाशी गेलो. तिथे आधी का गेलो नाही, हे मला ठाऊक आहे. मला माहीत होतं म्हणून गेलो नाही.

शेवाळाला नाक लावलं. लाख, स्पिरिट, डोक्याचं तेल, दुपारच्या उन्हात चालत आलेल्या माणसाचा घाम. अण्णा. पलंगावरचे नव्हेत, पॉलिशचे हात साबणाने घासत मला हाक मारणारे अण्णा. मी चेहरा आत खुपसून रडलो. किती वेळ, माहीत नाही. पाठ पलंगाकडे होती. खरे अण्णा तिथे पडून माझी पाठ बघत होते आणि मी भिंतीला मिठी मारून रडत होतो.

शेवाळ कोमट होतं. ठिबकतं पाणी थंड असतं, ते मी स्वतः बघतो. आणि मी गाल टेकला होता तिथे ते हळूच पुढे आलं, मग मागे गेलं, मग पुढे आलं.

मी दचकून बाजूला झालो आणि चौकट हुकांवरून उचलली. बाहेर नेऊन फेकणार होतो. दारापर्यंत पोचलो तेव्हा खोलीत काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. अण्णांचा श्वास जरा घरघरतो, त्याची इतकी सवय झालेली की तो बंद पडल्यावरच कळलं. वळून पाहिलं. तोंड उघडं, छाती स्थिर. मी चौकट परत टांगली, पंख्याची पिन खोचली. घरघर सुरू झाली.

योगायोग असू शकतो. म्हाताऱ्या माणसांचा श्वास अडखळतो. म्हणून मी पुन्हा उचलली. हो, पुन्हा. मला खात्री करून घ्यायची होती, कामावर करतो तशी. पुन्हा छाती थांबली आणि या वेळी अण्णांचे डोळे माझ्यावर होते. चौकट टांगण्याच्या घाईत एक हूक निसटला. पहिल्या वेळेचं मी कुणालाही सांगू शकेन, दुसऱ्या वेळेचं नाही.

खोक्यातून अभ्रा बाहेर काढला. पांढराशुभ्र, दुकानातून आत्ता आणल्यासारखा. त्याच्या जागी थिनरची चिंधी ठेवून बघितली, वळण मोडतं का म्हणून. वाफ्याने तिला तोंड लावलं नाही. खोलीभर थिनर दरवळत राहिला आणि बायको म्हणाली, "हे काय नवीन? आणि या रिकाम्या खोलीत तुम्ही सारखे करता तरी काय?"

७

त्यानंतर मी कामावरून लवकर येऊ लागलो. अण्णांचं मनगट धरून बसायचो. हात सोडला की मन दुसरीकडे जायचं आणि परत पलंगाकडे पाहिलं की आधी चादर दिसायची, मग बरंच निरखल्यावर चादरीखालचे अण्णा. मावशी यायच्या बंद झाल्या. त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं. मऊ भात मीच भरवायचो. चादर मीच बदलायचो, रुमाल न बांधता. त्याचा आता काय उपयोग?

अशात मेहुणा आणि त्याची बायको पुन्हा आले. भर दुपारी, आगाऊ न कळवता. या खेपेला कुणी खिडकी उघडली नाही. चहा पूर्ण प्यायले, दुसऱ्यांदा मागितला. मग मेहुण्याची बायको घर बघत बघत मागच्या खोलीच्या दारात गेली.

"किती छान ठेवलीय हो खोली! आणि ती हिरवी भिंत! नुसतं बघूनच कसं प्रसन्न वाटतं." तिने आत सगळीकडे नजर फिरवली. पलंगावरून तर फिरवलीच. "रिकामीच आहे तर भाड्याने का देत नाही?"

"मी पण हेच म्हणते," बायको म्हणाली. "वहिनी, या खोलीत पूर्वी..." ती थांबली. कपाळाला आठी पडली. "पूर्वी आपण काय ठेवायचो हो इथे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मेहुण्याने पाहिलं. एकच शब्द बोलायचा होता. तो बोललो असतो तर बायकोने पुन्हा कपाळावर हात मारला असता, मेहुण्याची बायको ओशाळली असती, सगळे आत जाऊन अण्णांच्या पायाशी उभे राहिले असते. पण मला वाटलं, यांना आत नेलं आणि यांना पलंगावर कुणीच दिसलं नाही तर? माझ्याकडे हे कसं बघतील? आणि त्या विचाराने मी म्हणालो, "अडगळ."

बोललो आणि कानशिलं तापली. सगळे हॉलकडे वळले. मी खोलीत शिरलो. दार उघडंच होतं.

ऊन पलंगावर पडलं होतं. चादर ताणून बसवलेली दिसत होती. मी निरखायला सुरुवात केली, रोज निरखतो तसं, उशीपासून खाली. उशीला खळगा नव्हता. मी खाली बघत गेलो. मग बघणं सोडून दिलं.

वाफ्याखाली मांजर पोट उघडं टाकून, पाय पसरून झोपली होती. ठिबकणारं पाणी थांबलं होतं. खोलीत घरघर होती, नेहमीची, पण ती माझ्या मागून येत होती, भिंतीकडून.

"वास येतो का रे?"

आवाज बारीक नव्हता. दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तसा भरदार होता. मी वळलो तेवढ्यात शेवाळात खालून वर एक रुंद हालचाल गेली. टेबलावरून बोळा फिरवणारा हात मी लहानपणापासून पाहत आलोय. एवढंच मी पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

या प्रश्नाला मागे मी खोटं उत्तर दिलं होतं. आज खरं उत्तर तेवढं माझ्याकडे होतं.

"येतो, अण्णा," मी म्हणालो. पुरेसं वाटलं नाही, म्हणून ओरडलो. "येतो! खूप येतो!"

हॉलमधल्या गप्पा थांबल्या. कुणीतरी कप खाली ठेवला. "अहो," बायकोचा घाबरलेला आवाज आला, "कुणाशी बोलताय?"

मी उत्तर देणार होतो. नाव घेणार होतो, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तेवढ्यात भिंतीकडून अण्णाच बोलले. टापटिपीचा माणूस, घाईघाईने, ओशाळून.

"मग दार लोटून घे ना. बाहेर पाहुणे आहेत."

मी दार लोटून घेतलं. या खेपेला आतून.